हात सोडल्यावर उभी राहणारी काठी

आमच्या ताईला कुठलीही नवी गोष्ट दाखवा, ती आधी म्हणणार, "हे आधी कुणीतरी केलेलं असणार." लहानपणी आम्ही दोघी एका खोलीत झोपायचो. दिवा बंद करायला रोज मलाच उठावं लागायचं, कारण मी धाकटी. मग एकदा मी दिव्याच्या बटणाला सुतळी बांधली, खिळ्यांवरून फिरवून ती माझ्या उशीपर्यंत आणली आणि पडल्या पडल्या ओढून दाखवली. दिवा विझला. मला वाटलं, आता शाबासकी मिळणार. अंधारातून आवाज आला, "बसच्या घंटेला अशीच दोरी असते." दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत मी तिच्याशी बोलले नाही.

अशा मुलीने पुढे काय करावं? ती पेटंट कार्यालयात परीक्षक झाली. तिथे लोक आपापले शोध घेऊन येतात. हे माझ्या डोक्यातून निघालंय, माझ्या परवानगीशिवाय दुसऱ्या कुणी बनवायचं नाही, असा हक्क त्यांना सरकारकडून हवा असतो. परीक्षकाचं काम एवढंच की जगात कुठे, कधी, कुणी हेच आधी करून ठेवलंय का ते हुडकून काढायचं. म्हणजे ताई जे घरात फुकट करत होती तेच आता सरकारने तिला टेबल-खुर्ची देऊन करायला सांगितलं. ती इतकी खूश होती की पहिल्या दिवशी डबा घरीच विसरली.

कार्यालयात तिला 'नकारघंटा' म्हणायचे. तिच्या कानावर गेलं तेव्हा ती म्हणाली, "म्हणू देत. घंटा वाजली नाही तर आग लागलेली कळणार कशी?" शोध लावणारे तिच्या खोलीत शिरताना छाती पुढे काढून शिरायचे आणि बाहेर येताना भिंतीला धरून यायचे. एकाने म्हणे घाम पुसत तिला तोंडावर सांगितलं होतं, "मॅडम, तुमच्यापेक्षा माझी सासू बरी." पण एक गोष्ट तिचे शत्रूही कबूल करत. तिच्या हातून जे पास झालं ते पुढे कुठल्याही कोर्टात पडलं नाही.

नोकरी सांभाळून, सकाळच्या वर्गांना जाऊन तिने कायद्याची पदवी घेतली. मग कार्यालयाच्या निर्णयावर कुणी कोर्टात गेलं की सरकारी वकिलांच्या शेजारी ताई बसू लागली, आणि काही वर्षांनी ताईच्या शेजारी सरकारी वकील बसू लागले. नवीन परीक्षकांना शिकवायचं कामही तिच्याकडेच आलं. त्यांना ती पहिल्या दिवशी एकच गोष्ट सांगायची. कुणी दात घासायच्या ब्रशचा अर्ज आणला तर फक्त ब्रशांच्या कपाटात शोधू नका. शेजारचं कपाट उघडा. बाटल्या धुवायचा ब्रश बघा, बुटांचा बघा. माणसं काखेत कळसा घेऊन गावाला वळसा घालतात, तुम्ही घालू नका. शिकून गेलेली पोरं हे 'शेजारचं कपाट' जन्मभर विसरायची नाहीत.

मग बढती झाली. बढती म्हणजे काय, तर शोधांच्या फायली गेल्या आणि खुर्च्या, पंखे, पडदे यांच्या खरेदीच्या फायली आल्या. ताईने एका पडद्याच्या फायलीवर 'हा रंग तिसऱ्या मजल्यावर आधीपासून आहे' असा शेरा मारून ती परत पाठवली, तेव्हाच तिच्या लक्षात आलं की इथलं आपलं दाणापाणी संपलं. तिने राजीनामा दिला. सरकारी नोकरी सोडणाऱ्याला काही काळ त्याच कार्यालयासमोर वकील म्हणून उभं राहता येत नाही. तो काळ तिने घरात आम्हा सगळ्यांच्या चुका काढत घालवला. तो संपल्यावर ती एका वकिलांच्या फर्ममध्ये गेली आणि टेबलाच्या या बाजूला येऊन बसली.

सवय मात्र त्याच बाजूला राहिली. शोध घेऊन येणाऱ्या पहिल्या गिऱ्हाइकाचं बोलणं तिने शांतपणे ऐकून घेतलं आणि मग तो शोध का टिकणार नाही याची कारणं त्याला इतकी व्यवस्थित समजावली, की तो बिचारा आभार मानून निघून गेला. दुसराही गेला. तेव्हा फर्मचे थोरले वकील तिच्या खोलीत येऊन हळूच म्हणाले, "मॅडम, आता आपण यांच्या बाजूचे हं."

आता माझं सांगते. मी वस्तूंच्या डिझाइनचं शिक्षण घेतलं, मग खेळण्यांच्या कारखान्यात होते, मग बॅगा बनवणाऱ्यांकडे, आणि शेवटी स्वतःचं वर्कशॉप काढलं. आधाराच्या काठ्या, कुबड्या, वॉकर. ताईच्या मते ही सगळी धरसोड. माझ्या मते मी प्रत्येक ठिकाणी काहीतरी शिकत होते. यावर आमचं कधीच एकमत झालं नाही.

काठीचं म्हणाल तर ते आईमुळे झालं. आईचा गुडघा दुखायला लागला आणि तिच्या हातात काठी आली. ज्याने काठी वापरली आहे त्याला ठाऊक आहे, काठीला एकच कला येते, ती म्हणजे पडणे. टेबलाला टेकवा, पडते. भिंतीला टेकवा, थोडी थांबून पडते. आणि वाकता येत नाही म्हणून तर काठी घेतलेली असते! दवाखान्यात बसलेली असताना आईची काठी पडली, ती उचलायला एक सद्गृहस्थ वाकले, त्यांचा चष्मा पडला, चष्मा उचलायला त्यांची बायको वाकली आणि तिच्या पर्समधलं सगळं जमिनीवर सांडलं. आई घरी आली ती तणतणतच. "एवढं शिकलीस, मला न पडणारी काठी करून दे."

मी करून दिली. त्यात किती काठ्या मोडल्या ते विचारू नका. शेवटी जी झाली ती अशी: मुठीत एक पट्टी आहे. तळहात मुठीवर ठेवला की नुसत्या त्याच्या भाराने पट्टी दबलेली राहते, आणि काठी साधी काठी असते. हात उचलला की पट्टी वर येते, आतली स्प्रिंग सुटते, एक कडं खाली सरकतं आणि टोकाजवळच्या तीन काड्या बाहेर येऊन जमिनीला टेकतात. काठी जागच्या जागी उभी. पुन्हा हात ठेवा, काड्या आत. आईने काठी खोलीच्या मधोमध सोडली, दोन पावलं मागे सरली आणि बोट दाखवून तिला म्हणाली, "थांब तिथेच." काठी थांबली. आई म्हणाली, "या घरात माझं ऐकणारं कुणीतरी आलं बाई."

ताईला दाखवायला मी सगळा धीर गोळा करून गेले. तिने काठी हातात घेतली, उलटी केली, मूठ दाबून पाहिली, सोडून पाहिली. काठी उभी राहिली. ताई म्हणाली, "हे आधी कुणीतरी..." आणि गप्प झाली. मी तिला आयुष्यात पहिल्यांदाच अर्ध्या वाक्यावर थांबलेली पाहत होते.

"शोधते," ती म्हणाली.

काही दिवसांनी तिचा फोन आला. "काठ्यांमध्ये नाही सापडलं. अर्ज करू या." दुसऱ्या कुणी माझ्या गळ्यात हार घातला असता तरी मला इतका आनंद झाला नसता. मात्र अर्ज जाईपर्यंत काठी कुणाच्या दृष्टीस पडता कामा नये, अशी तिने तंबी दिली. आपणच आपली वस्तू चारचौघांत दाखवली की ती नवी राहत नाही, आणि नवी नाही तर पेटंट नाही. तेव्हा अर्ज जाईपर्यंत आई दिवसाढवळ्या पडदे ओढून घरातल्या घरात फिरत होती. शेजारणीने विचारलं, घरात कुणाचे डोळे आलेत का?

अर्ज गेला आणि आई मोकाट सुटली. औषधाच्या दुकानात, बागेत, बँकेत, जिथे जाईल तिथे ती काठी मधोमध सोडून द्यायची आणि लोकांच्या तोंडाकडे पाहायची. माझ्याकडे मागणी सुरू झाली. आणि मग एके दिवशी वर्कशॉपमध्ये एक टायवाला आला. हॉस्पिटलचं सामान बनवणाऱ्या एका बड्या कंपनीचा माणूस. त्याने काठ्या घेतल्या, एक तिथेच उघडून पाहिली, आणि स्प्रिंग कुठून आणता इथपासून काडीची जाडी किती इथपर्यंत सगळं विचारलं. शेवटी गोड हसून म्हणाला, "पेटंट मिळालं की भेटू. नाही मिळालं तर... तेव्हाही भेटूच, बाजारात."

दुधखुळ्यालाही अर्थ कळला असता. पेटंट मिळालं नाही तर यांचा कारखाना हीच काठी ढिगाने काढणार आणि माझ्या वर्कशॉपला टाळं लागणार. माझ्याकडे दोन कारागीर, एक यंत्र आणि ही एक काठी. दुसरं काही नव्हतं. ताईला सांगितलं तर ती एवढंच म्हणाली, "सुनावणीला तूही ये. पण तोंड उघडायचं नाही."

सुनावणीची खोली ताईची जुनीच होती. तीच लांब टेबलं, तीच रंग लागून कायमची बंद झालेली खिडकी, कोपऱ्यात पाण्याचं पिंप आणि त्याच्या शेजारी कुणाची तरी ओली छत्री सुकत ठेवलेली. टेबलामागे जो अधिकारी होता तो ताईनेच शिकवलेला, तिच्या हाताखाली तयार झालेला. बारीक अंगाचा, जाड चष्म्याचा. ताई आत शिरताच तो ताडकन उभा राहिला, मग आपण अधिकारी आहोत हे आठवून खाली बसला. मी मनात म्हटलं, चला, चेला आपलाच आहे.

चेल्याने आक्षेप घ्यायला सुरुवात केली. चार पायांची काठी आधीपासून आहे. जड बुडाची आहे. बसायच्या स्टुलाची काठी आहे. ताईने एकेकाचं उत्तर दिलं. चार पायांची काठी चालताना जिन्यावर अडकते, जड बुडाची उचलवत नाही, स्टूल हाताने उघडावं लागतं. मला तोंड उघडायची गरजच नव्हती, मी कौतुकाने नुसती ऐकत होते. ही बाई माझी बहीण आहे आणि आत्ता माझ्या बाजूने बोलते आहे, या दोन्ही गोष्टी एकदमच खऱ्या असण्याची मला सवय नव्हती.

"ठीक आहे," चेला म्हणाला. त्याने पेनाला टोपण लावलं. "माझं समाधान झालं. मॅडमना आणखी काही म्हणायचं आहे?"

वकिलाने अशा वेळी 'नाही, आभारी आहे' म्हणून उठायचं असतं. एवढं मलाही कळतं. मी पिशवी उचलली. ताई उठली नाही. ती पिंपाकडे बघत होती. मग चेल्याकडे वळून म्हणाली, "तुम्ही छत्र्यांचं कपाट पाहिलं नाहीत."

मी टेबलाखालून तिला लाथ मारली, ती टेबलाच्या पायाला लागली.

चेल्याचे कान लाल झाले. "मॅडम, ते... तशी गरज वाटली नाही."

"तुम्हाला वाटली नाही? कुलपाच्या अर्जावर तुम्ही बुटांच्या कपाटातून पुरावा काढला होतात. छत्री तुमच्या नजरेतून सुटेल?"

चेला फायलीकडे बघत राहिला. माझ्या डोक्यात तेव्हा कुठे प्रकाश पडला. त्याला छत्री सापडली होती. मॅडमची केस, मॅडमची बहीण, म्हणून त्याने ती गुपचूप गिळली होती. आणि माझी सख्खी बहीण ती त्याच्या घशातून बाहेर काढत होती!

ताई उठली, कोपऱ्यातली छत्री घेऊन आली. "ही कुणाची?"

"माझी," चेला पुटपुटला.

तिने भर खोलीत छत्री उघडली, उलटी केली आणि टेबलावर ठेवली. फायलींवर पाणी ठिबकलं. "मधला दांडा. त्यावर सरकणारं कडं. कड्याला जोडलेल्या काड्या. आत स्प्रिंग. छत्रीच्या काड्या कमी करा आणि कापड काढून टाका, काठीचं टोक झालं. आता विचारा काय विचारायचं ते."

चेल्याने पेनाचं टोपण काढलं. त्याचा आवाज बदलला, त्यात अधिकारी आला. "काठ्या बनवणाऱ्या जाणकार माणसाने छत्री पाहिली तर त्याला ही काठी सहज सुचणार नाही का? मग यात नवीन काय?"

"उत्तर देते," ताई म्हणाली. आणि दिलं नाही. ती माझ्याकडे बघत उभी राहिली.

माझा संताप अनावर झाला. हातातोंडाशी आलेला घास हिने स्वतः काढून घेतला होता, वर आता माझं तोंड बघत होती! तोंड उघडायचं नाही हे सगळं विसरून मी उभी राहिले. "काय नवीन? अहो, छत्री हात लावल्यावर उघडते! दांडा धरा, कडं ढकला नाहीतर बटण दाबा, काहीही करा, हात हवाच. आणि ही? ही हात सोडल्यावर उभी राहते! माणसाने काहीच करायचं नाही, हाच तर मुद्दा आहे. माझ्या आईच्या बोटांत बटण दाबायची ताकद नाही, तिला लक्षातही राहत नाही. छत्री करणाऱ्याने कधी विचार केलाय, माणसाने हात सोडला तर काय होईल? त्याचं सगळं डोकं हात धरलेला असताना काय होईल यातच गेलंय. मी डोकं घातलं ते हात सुटल्यावर!"

मी खाली बसले. चेला मान खाली घालून भराभर लिहीत होता. ताईने छत्री मिटली आणि माझी आदळआपट शांत कायद्याच्या भाषेत मांडायला सुरुवात केली, जणू हे सगळं आमचं ठरलेलंच होतं. आमचा दावा, म्हणजे 'एवढं आमचं' म्हणून आखलेलं कुंपण, तिने तिथल्या तिथे लहान केलं. तीन काड्यांची प्रत्येक काठी आमची, असं आधी लिहिलं होतं. आता लिहिलं की केवळ तळहाताचा भार निघाल्याने, वापरणाऱ्याने दुसरं काहीही न करता, जिच्या काड्या उघडतात ती काठी आमची. चेल्याने छत्रीचा आक्षेप, त्याचं उत्तर आणि ते का पटलं, हे सगळं निकालासाठी नोंदवून घेतलं.

व्हरांड्यात येताच मी तिच्यावर तुटून पडले. "तो सोडत होता ना? मग तुझ्या बापाचं काय जात होतं?"

"माझा बाप तोच तुझाही होता," ताई म्हणाली. "त्याला असलं चाललं नसतं."

"लोक वकील करतात ते भांडायला. मी मात्र माझ्या खर्चाने घरचा भेदी नेला!"

"फुकट नेलास. फी कुठे दिलीस?"

मी वेगळ्या बसने घरी आले. पुढे बरेच दिवस आम्ही आईमार्फत बोलत होतो. आईने दोन्ही बाजू ऐकल्या आणि निकाल दिला की दोघी मूर्ख आहात, पण थोरलीला मूर्खपणाचा पगार मिळत होता.

पेटंट मिळालं. कुंपण लहान झालेलं असलं तरी मिळालं. मला आनंद झाला, अगदी नाही कसं म्हणू? पण त्यात मिठाचा खडा होता. मागितली होती चादर आणि हातात आला रुमाल, असं मी येईल त्याला सांगत होते. ताईचे मात्र पेटंट मिळाल्याबद्दल आभार मानले नाहीत.

टायवाल्या कंपनीने गप्प बसावं की नाही? छे. पेटंट मिळाल्यावरही ते रद्द करा असं ठरलेल्या मुदतीत कुणालाही म्हणता येतं. तसा अर्ज त्यांनी केला आणि त्यासाठी असा नामांकित वकील उभा केला, की ज्याचं नाव ऐकून समोरची माणसं तडजोडीला येतात. मी हबकले. अबोला गेला खड्ड्यात, मी थेट ताईच्या घरी गेले. तिने कंपनीचे कागद वाचले, चष्मा काढून पुसला आणि म्हणाली, "चहा घे."

या वेळी टेबलामागे दुसरीच अधिकारी होती, केस पिकलेली, फारसं न बोलणारी बाई. नामांकित वकील उठला. त्याचा आवाज असा खर्जातला, की ऐकूनच आपण चुकलो असं वाटावं. इकडचं तिकडचं थोडं बोलून त्याने हुकमाचं पान काढलं. त्याच्या मदतनिसाने लांब पेटी उघडली. पेटीत मखमलीवर छत्री ठेवलेली होती.

"काठ्यांमध्ये शोधून उपयोग नव्हता," तो म्हणाला. "आम्ही जरा वेगळ्या दिशेने विचार केला. कुणाच्याही लक्षात आलं नाही, पण हा सगळा शोध छत्रीत आधीच आहे."

मी ताईकडे पाहिलं. ताई टेबलावर बोटांनी हलकेच ताल धरून बसली होती.

केस पिकलेल्या बाईंनी समोरचा जुना निकाल उलगडला आणि शांतपणे वाचून दाखवला. छत्रीचा पुरावा विचारात घेतला आहे. दांडा, कडं, काड्या, स्प्रिंग, सगळं तपासलं आहे. छत्री हाताने उघडते, ही काठी हात निघाल्याने. दावा तेवढ्यापुरताच दिला आहे. मग त्यांनी चष्म्यावरून वकिलाकडे पाहिलं. "ही छत्री आम्ही आधीच पाहिली आहे. अर्जदाराच्या वकिलांनी स्वतःच दाखवली होती. आपल्याकडे दुसरं काही?"

नामांकित वकिलाने पानं उलटली. मदतनिसाने पानं उलटली. टायवाला छताकडे बघत होता. दुसरं काही नव्हतं. सगळी भिस्त एका छत्रीवर होती. त्यांचा अर्ज फेटाळला गेला.

मी बाहेर कशी आले ते मला आठवत नाही. खालच्या कँटीनमध्ये ताईने चहा आणि बिस्किटं घेतली आणि आम्ही खिडकीपाशी बसलो. माझं तोंड थांबेना. ताई, तू धन्य आहेस. तुला तेव्हाच दिसलं होतं, ही छत्री उद्या आपल्यावर उगारली जाणार. चेल्याने दया केली असती तर आज आपण तोंडावर आपटलो असतो. मी मूर्ख, मी तुला घरचा भेदी म्हणाले. मला माफ कर, आणि थँक्यू, तेव्हा म्हणाले नव्हते ते आता म्हणते. तू एवढं पुढचं बघून ठेवलंस!

ताई बशीतलं बिस्कीट फिरवत राहिली. मग म्हणाली, "मी काही बघून ठेवलं नव्हतं."

"म्हणजे?"

"छत्री मला त्या दिवशी त्या खोलीतच दिसली. पिंपाजवळ. त्याआधी माझ्या डोक्यात नव्हती." ती थांबली. "मी शेजारचं कपाट उघडलंच नव्हतं. जन्मभर सगळ्यांना उघडायला शिकवलं आणि तुझ्या काठीच्या वेळी मीच नाही उघडलं. काठ्यांमध्ये सापडली नाही म्हटल्यावर मला इतकं बरं वाटलं, की पुढे शोधायची इच्छाच झाली नाही. मला ती नवीच असायला हवी होती."

हे माझ्या ताईचं बोलणं होतं यावर विश्वास बसत नव्हता.

"मग तिथे छत्री दिसली आणि सवयीने बोलून गेले, तेव्हा त्याचे लाल झालेले कान दिसले. तो माझ्यासाठी खोटं वागत होता. ते मला चालणार नव्हतं, म्हणून सोडलं नाही."

"पण उत्तर? ते तर तुझ्याकडे होतं ना तयार? म्हणून तर माझ्याकडे बघत उभी राहिलीस."

"छे. उत्तर कुठलं? मला काही सुचत नव्हतं."

बिस्कीट माझ्या तोंडात तसंच राहिलं. "ताई! उत्तर नसताना आक्षेप काढलास? माझं सगळं होतं त्यात! मला नसतं सुचलं तर?"

"सुचणार हे माहीत होतं."

"कशावरून?"

ताईने चहाचा घोट घेतला आणि माझ्याकडे न बघता म्हणाली, "तुझ्या प्रत्येक गोष्टीला मी लहानपणापासून नाही म्हणत आले. एकदा तरी उत्तर न देता गप्प बसली आहेस का तू?"

यावरही माझ्याकडे उत्तर होतं. पण तोंडात बिस्कीट होतं आणि डोळ्यांत पाणी आलं होतं, म्हणून राहून गेलं.